न केलेली प्रार्थना

माप घेताना बायका खूप बोलतात. का ते मला कधी नीट कळलं नाही. हात पसरून उभं राहायचं असतं आणि शिवणारी बाई पाठीमागून खांद्याला टेप लावत असते, म्हणजे कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, त्यामुळे असेल. उस्मानपुऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. ब्लाउज, फॉल-पिको, लहानसहान दुरुस्त्या. तेवीस वर्षं झाली. मशीनच्या वर लाकडी क्रूस आहे आणि शेजारी आमच्या चर्चच्या मंडळीनं दिलेलं कॅलेंडर. आम्ही ख्रिस्ती आहोत हे खोलीत पाऊल टाकणाऱ्याला लगेच कळतं. मग बोलता बोलता एखादी म्हणते, "ताई, तुमच्यात प्रार्थना करतात ना? आमच्या पोरीसाठी करा की."

मी म्हणायचे, "करीन हो."

"मंगळवारी देते ब्लाउज" हे मी ज्या आवाजात म्हणते, त्याच आवाजात. ब्लाउज मंगळवारी होत नसे, हे गिऱ्हाइकाला माहीत असायचं आणि मलाही. प्रार्थनेचं मात्र मी मनाशी वेगळं धरलं होतं. सकाळी चहाच्या आधी आम्ही नवरा-बायको पाच-दहा मिनिटं बसतो. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, आता रिटायर झालेत. ते बायबल वाचतात, मी प्रार्थना करते. त्यात आठवतील तेवढ्यांची नावं घेते. एखादं राहून गेलं तर देवाला ठाऊक आहेच, असं म्हणून सोडून द्यायचे.

आमच्या गल्लीत दोन घरं सोडून एक वहिनी राहतात. माहेर-सासर दोन्ही फुलंब्रीकडचं, शेतकरी घर. यजमान टुरिस्ट गाडी चालवायचे. स्टेशनवरून, हॉटेलांवरून पाहुणे घ्यायचे. एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा. बावीस वर्षांत गाडीला कधी ओरखडा आला नाही, हे ते स्वतः सांगायचे आणि दुसरे ड्रायव्हरही सांगायचे. वहिनी दुपारी माझ्याकडे येऊन हुक-काजं करायच्या. त्यांच्या हाताचे टाके इतके बारीक आणि सारखे असतात, की मी त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कधी हुक लावायला दिले नाहीत. काम करता करता आम्ही बोलायचो. लेकीची सासरची माणसं, गावाकडची मोसंबी, नळाला पाणी कधी येणार. त्या देवीचं करतात, मंगळवार धरतात. माझ्या क्रूसाखाली बसून हुक लावायला त्यांना कधी वेगळं वाटलं नाही, आणि मलाही नाही.

एके दिवशी यजमान फर्दापूरला चहा प्यायला थांबले आणि त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे काळं आलं. वरून कुणी पडदा खाली ओढावा तसं, असं त्यांनी नंतर सांगितलं. पाहुणे गाडीत होते. एका डोळ्यावर, अगदी सावकाश, त्यांनी गाडी शहरापर्यंत आणली, पाहुण्यांना हॉटेलवर सोडलं आणि मग घरी येऊन बायकोला सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, लगेच ऑपरेशन करावं लागेल, म्हणाले.

वहिनी आल्या तेव्हा हातात काही काम नव्हतं. दारातच उभ्या राहिल्या.

"ताई, गुरुवारी दहा वाजता आत घेणारेत मालकांना. दीड-दोन तास लागंल म्हणले. त्या टायमाला तुम्ही बसा प्रार्थनेला. माझं तर डोकंच चालत नाय."

"बसते ना. दहाला बसते."

"नक्की?"

"नक्की, वहिनी."

आता हे सगळं लिहिताना मला तो "नक्की" अजून टोचतो.

गुरुवारी सकाळी मला आठवण होती. सात वाजता प्रार्थनेत मी त्यांचं नाव मुद्दाम घेतलं नाही, म्हटलं दहाला स्वतंत्र बसायचंच आहे. मग एका लग्नघरचे अकरा ब्लाउज घेऊन बसले. साडेनऊला गल्लीत आरडाओरडा झाला, "पाणी आलं, पाणी आलं." आठ दिवसांनी आलं होतं आणि वेळ नसताना आलं होतं. मशीनवरचं कापड तसंच टाकून मी उठले. मोटर लावली, पाइप जोडला, ड्रम धुतला, हंडे भरले, शेजारच्या आजींचे दोन भरून दिले. पाणी गेलं तेव्हा साडेअकरा झाले असतील. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. कपडे बदलले, दोन घास खाल्ले आणि परत मशीनवर बसले. त्या दिवशी नाही, शुक्रवारी नाही, शनिवारीही मला वहिनींची आठवण झाली नाही. खरं सांगायचं तर शनिवारी एकदा झाली, पण ती हुकांसाठी.

रविवारी उपासनेहून आलो आणि पाठोपाठ वहिनी पेढे घेऊन आल्या.

"पडदा बसला म्हणले डॉक्टर. दहा दिवस पालथं झोपायला लावलंय, पण बसला. ताई, तुमच्या देवानं ऐकलं."

माझ्या हातात पेढा होता. मी तोंड उघडलं, काहीतरी बोलावं म्हणून, आणि त्यांनी दुसरा पेढा सरळ तोंडात घातला. मग खुर्चीवर बसून त्या सांगायला लागल्या. मालकांना आत नेलं आणि त्या बाहेर बाकावर एकट्या बसल्या. देवीचं नाव घ्यावं म्हटलं तर तोंडात शब्दच येईना. समोर घड्याळ होतं. दहा वाजले तसं त्यांना वाटलं, आता ताई बसल्या असतील.

"मग म्या म्हणलं, देवा, तिकडं ताई तुझ्याशी बोलायल्यात, तेच माझंबी म्हणणं धर. त्या म्हणत्याल तेवढं सगळं माझंच. आन् दोन तास तेच म्हणत बसले. शेवटाला आमेन पण म्हणलं. तुम्ही म्हणता तसं."

त्या गेल्यावर मी मशीनपाशी येऊन बसले. दहा वाजता मी काय म्हणत होते ते मला चांगलं आठवत होतं. पाइप घट्ट धरा, असं आजींना ओरडून सांगत होते.

ह्यांना सांगितलं. ते मिक्सर दुरुस्त करत होते. हातातलं काम थांबवून त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे ती बोललीच की देवाशी."

"पण ती म्हणाली, ताईंचं म्हणणं तेच माझं. आणि माझं म्हणणं काहीच नव्हतं हो."

"तिचं होतं ना. देवाला काय, कुणाच्या तोंडून आलं ते बघत बसायचंय?"

"मग माझं काय?"

"तुझं तू बघ. तिला सांगून टाक."

मला ते जमलं नाही. आज सांगते, उद्या सांगते, असं महिनाभर चाललं. दरम्यान वहिनींनी गल्लीभर सांगितलं होतं, की शिवणवाल्या ताईंची प्रार्थना लागू पडते. कामाशिवाय बायका यायला लागल्या. एकीच्या मुलीची दहावी, एकीच्या नवऱ्याची कंपनीतली नोकरी. मागच्या गल्लीतल्या एका बौद्ध घरातल्या बाई आल्या, शाळेत शिकवतात त्या. म्हणाल्या, "आमच्या घरात असं मागणं-बिगणं नसतं, वडिलांनी कधी करूच दिलं नाही. पण आईचे गुडघे बघवत नाहीत मला. तुम्ही म्हणा तुमच्या परीनं." त्या इतक्या संकोचून बोलल्या, की मला त्यांच्यापुढे उभं राहवेना. प्रत्येकीला मी "करीन" म्हणत होते आणि करतही होते, आता भीतीनं का होईना करत होते. पण प्रार्थनेला गुडघे टेकले की पहिल्यांदा तो गुरुवार पुढे यायचा. ज्याला ऐकू येतं, त्याला माझं न बोलणंही ऐकू गेलं असणार, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. आजवर मी देव ऐकतो हे धरून चालले होते. त्यावर कधी नीट विचारच केला नव्हता.

पाचव्या आठवड्यात यजमानांच्या डोळ्यापुढे पुन्हा अंधारी आली. पडदा एका बाजूनं परत सुटला होता. दुसरं ऑपरेशन मंगळवारी ठरलं. वहिनी आल्या, हुकांची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, परत बसा. मागच्या वाणी."

मी मशीन थांबवलं.

"वहिनी, मागच्या वेळी मी बसले नव्हते."

त्यांना वाटलं मी उगाच कमीपणा घेतेय. "आसंल थोडं कमी-जास्त. कामं आस्त्यात."

"कमी नाही. केलीच नाही प्रार्थना. पाणी आलं होतं. मी विसरले. तुम्ही पेढे आणलेत तोवर मला आठवणही नव्हती."

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"मग म्या कुणाच्या मागं आमेन म्हणलं?"

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

"आन् पेढे खाल्ले तुम्ही," त्या म्हणाल्या. पिशवीतले माझे ब्लाउज काढून त्यांनी टेबलावर ठेवले, त्यातले दोन अजून अर्धे होते, आणि त्या गेल्या.

नंतरच्या तीन दिवसांत त्या आल्या नाहीत. मी त्यांच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि परत फिरले. सोमवारी आमच्या चर्चच्या पाळकबाई ब्लाउज न्यायला आल्या होत्या, त्यांनाही काही सांगितलं नाही. हे दुसऱ्या कुणी येऊन निस्तरण्यासारखं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी पुढच्या खोलीच्या दाराला कडी घातली आणि ह्यांना म्हटलं, "कुणी आलं तर सांगा, आज काम नाही." रिक्षानं दवाखान्यात गेले. पहिल्या मजल्यावर ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाक होते. वहिनी टोकाच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर यजमानांचा शर्ट घडी करून ठेवलेला. मला बघितलं आणि त्यांनी मान वळवली. मी दोन माणसांची जागा सोडून बसले. यजमानांना आत नेऊन दहा मिनिटं झाली होती, हे मला नर्सकडून कळलं.

मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात सुरुवात केली. मला पहिल्यापासून मोठ्यानं प्रार्थना करायचा संकोच आहे. महिला मंडळात माझी पाळी आली की चार वाक्यांत आटपते. बाकीच्या बायका कशा झऱ्यासारख्या बोलत जातात. तिथं तर अनोळखी लोक बसलेले, पट्ट्या बांधलेले, औषधाचे थेंब घालून डोळे मिटून बसलेले.

बाक हलला. वहिनी सरकून माझ्याजवळ आल्या होत्या.

"काय करायल्यात?"

"प्रार्थना."

"मोठ्यानं म्हणा," त्या म्हणाल्या. "ह्या बारीला मला ऐकू येऊ द्या."

आवाजात कडवटपणा नव्हता, पण सूटही नव्हती. मी घसा साफ केला. काय म्हणायचं ते काही ठरवलं नव्हतं.

"देवबापा," मी म्हणाले, "मागच्या वेळी मी तुझ्याकडे आले नाही. ही आली होती. हिचं तू ऐकलंस. आज आम्ही दोघी आलोय. आत हिचे यजमान आहेत. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव. त्यांचा डोळा नीट होऊ दे, अगदी पहिल्यासारखा होऊ दे. त्यांना गाडी चालवायची आहे. दुसरं काही काम त्यांना येत नाही असं ते म्हणतात…"

"येतं की," वहिनी मधेच हळूच म्हणाल्या. "शेतीचं येतं."

"शेतीचं येतं," मी म्हणाले, "पण त्यांचा जीव गाडीत आहे. तुला माहीत आहे. आणि हिला फार भीती वाटतेय. ती कुणाला बोलून दाखवत नाही. मी हिला फसवलं, मला क्षमा कर, आणि हिलाही मला क्षमा करायला जमलं तर जमू दे. येशूच्या नावानं मागते. आमेन."

"आमेन," वहिनी म्हणाल्या.

"आमीन," समोरून आवाज आला. समोरच्या बाकावर टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते, दोन्ही हात पुढे धरून. ते थोडं कचरत म्हणाले, "बेटी, मेरी घरवाली भी अंदर है. मोतीबिंदू का. जरा उसके वास्ते भी बोल देते."

मी तिथंच, त्याच आवाजात, त्यांच्या बायकोसाठी बोलले. हिंदी धड येत नाही म्हणून मराठीतच. त्यांनी पुन्हा आमीन म्हटलं आणि हात चेहऱ्यावरून फिरवले.

मग वहिनींनी यजमानांचा शर्ट मांडीवरून उचलून आमच्या मधे ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी किती दिवसांनी आलं व्हतं त्या रोजी?"

"आठ दिवसांनी."

"आमच्याकडं लेक आली व्हती, तिनं भरलं," त्या म्हणाल्या. "मला तर आठवलंच नाय, पाण्याचा दिवस हाये म्हणून." मग शर्टाची घडी सारखी करत, "म्या घरी असते तर म्याबी पळाले असते."

एवढंच. माफ केलं वगैरे त्या काही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी येऊन त्यांनी ते अर्धे राहिलेले ब्लाउज मागून घेतले आणि खाली बसून हुक लावायला घेतले.

पडदा या वेळी टिकला. पण नजर पहिल्यासारखी आली नाही. डाव्या डोळ्यानं यजमानांना उजेड दिसतो, माणूस कळतो, पण सरळ रेघ वाकडी दिसते. दाराची चौकट मधे वाकलेली दिसते, विजेचा खांब झुकलेला. पाहुणे घेऊन लांबची गाडी आता नको, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ते कळलं त्या दिवशी मी देवाशी भांडले. पहिल्यासारखा कर, असे शब्द उच्चारून मागितलं होतं, चार माणसांत मागितलं होतं, ऐकू आलं नाही असं तर नव्हतं. किती तरी दिवस प्रार्थनेला बसले की मी तेच तेच विचारायचे, आणि उत्तर यायचं नाही. तरी उठताना मला असं कधी वाटलं नाही की समोर कुणी नाही. कसं सांगू? आपण आईशी भांडतो, ती गप्प भाकरी थापत राहते, पण सगळं ऐकत असते हे आपल्याला माहीत असतं, तसं.

एक सवय मात्र बदलली. आता कुणी प्रार्थना करा म्हटलं, की मी नंतरवर ठेवत नाही. टेप गळ्यात तसाच ठेवून म्हणते, "आत्ताच करू या का?" काही जणी लाजतात, काही जणी पदर डोक्यावर घेतात. त्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही करा, मी नुसती उभी राहते." आणि उभ्या राहिल्या.

यजमान आता स्टेशनजवळच्या गाड्यांच्या थांब्यावर बसतात. कुठल्या ड्रायव्हरचा नंबर लागला ते पुकारतात, पाहुण्यांना रस्ता समजावतात. पोरं-टोरं त्यांना मानतात. गेल्या महिन्यात वहिनींना बरं नव्हतं म्हणून हुक लावलेले ब्लाउज घेऊन ते स्वतः आले. ब्लाउज टेबलावर ठेवले तरी जाईनात.

"ताई, एक विचारू का? तुम्ही तिथं माझ्या गाडीचं मागितलं व्हतं म्हणं."

"हो, दादा."

"ते तर झालं नाय."

"नाही झालं."

"मग आता?"

"आता काय, रोज सांगते."

"अजून?" त्यांना खरंच नवल वाटलं. "डॉक्टर म्हणले, आता हाये एवढंच राहणार."

"डॉक्टरांना माहीत असेल. मी आपलं सांगते. तो ऐकतो एवढं मला ठाऊक आहे. पुढचं त्याच्याकडे."

ते म्हणाले, "मग एक अजून सांगा. माझा भाऊ हाये गावाकडं, धाकटा. दोन वर्षं झाली, आमचं बोलणं नाय. चूक माझीच व्हती. फोन लावायचं धाडस व्हईना."

"आत्ता सांगू का?"

त्यांनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि परत येऊन टेबलापाशी उभे राहिले. "डोळे मिटायचे आस्त्यात का?"

"मिटले तरी चालतं, नाही मिटले तरी."

त्यांनी मिटले नाहीत. हात जोडून, रस्त्याकडे बघत ते उभे राहिले, आणि मी त्यांच्या भावाचं नाव विचारून घेतलं.